फलटणच्या जावयाने फलटणमध्येच दोनदा किंमत मोजली : यशवंतराव चव्हाण आणि कराडच्या 'विरंगुळा'ची गोष्ट

२५ नोव्हेंबर आला की कराडच्या प्रीतिसंगमावर गाड्यांची रांग लागते. सरकार कुठल्याही पक्षाचं असो, कृष्णा आणि कोयना जिथे समोरासमोर येऊन भेटतात त्या घाटावर नेतेमंडळी येतात, समाधीवर फुलं वाहतात, दोन मिनिटं हात जोडून उभी राहतात. २ जुलै २०२३ ला अजित पवारांनी उपमुख्यमंत्रिपदाची शपथ घेऊन वेगळी वाट धरली, तेव्हा दुसऱ्या दिवशी शरद पवार पोचले ते याच ठिकाणी.

ही समाधी यशवंतराव चव्हाणांची. महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री. पुढे देशाचे संरक्षणमंत्री, गृहमंत्री, अर्थमंत्री, परराष्ट्रमंत्री आणि उपपंतप्रधान.

याच कराडमध्ये त्यांचं घर आहे. नाव 'विरंगुळा'.

अमेरिकेत माजी राष्ट्राध्यक्षांची विश्रांतीची घरं बघायला लोक मुद्दाम गाडी काढून जातात. फ्रँकलिन रूझवेल्ट यांचं जॉर्जिया राज्यातल्या वॉर्म स्प्रिंग्जचं घर आज संग्रहालय आहे. १९४५ साली रूझवेल्ट गेले तेही त्याच घरात. आपल्याकडे अशी सवय कमी. पुणे-बंगळूर महामार्गावरून कोल्हापूरला जाणाऱ्या हजारो गाड्या रोज कराडला वळसा घालून पुढे जातात. पण यशवंतरावांचं आयुष्य समजून घ्यायचं असेल तर एका दिवसाच्या प्रवासात बसेल असा रस्ता सातारा-सांगली भागात तयारच आहे. देवराष्ट्रे, कराड, वडूज, फलटण आणि साताऱ्यावरून परत कराड.

या रस्त्यावर सगळ्यात महत्त्वाचं गाव कुठलं? बरेच जण कराड म्हणतील. पण त्यांच्या आयुष्याला कलाटणी देणाऱ्या दोन गोष्टी घडल्या त्या फलटणमध्ये. एकदा बायकोसाठी आणि एकदा नेत्यासाठी. दोन्ही वेळा त्यांना जबर किंमत मोजावी लागली.

पण सुरुवात देवराष्ट्रेपासून करू.

देवराष्ट्रे : आजोळचं घर

सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात सागरेश्वराच्या डोंगराच्या पायथ्याला देवराष्ट्रे हे गाव आहे. आज सागरेश्वर म्हटलं की अभयारण्य आणि हरणं आठवतात. त्या काळी हा सगळा मुलूख सातारा जिल्ह्यातच होता, सांगली जिल्हा बराच नंतर झाला.

१२ मार्च १९१३ ला यशवंतरावांचा जन्म इथे आजोळी झाला. बाळंतपण अवघड होतं. घरच्यांनी सागरोबाला साकडं घातलं. आई आणि बाळ दोघंही सुखरूप राहिले, देवानं यश दिलं म्हणून मुलाचं नाव यशवंत ठेवलं, अशी आठवण त्यांच्या घरात सांगितली जायची.

आई विठाई. वडील बळवंतराव कोर्टात बेलीफ होते. म्हणजे समन्स बजावणारे, जप्तीचे हुकूम घेऊन गावोगाव फिरणारे. यशवंतराव अगदी लहान असताना प्लेगच्या साथीत वडील गेले. घरात थोडी शेती आणि बाकी सगळा कष्टाचा मामला. वडिलांच्या जागी थोरले भाऊ ज्ञानोबा यांना कोर्टात नोकरी मिळाली आणि कुटुंबाचं बस्तान कराडला बसलं. मधले भाऊ गणपतराव यांनीही धाकट्याच्या शिक्षणासाठी खस्ता खाल्ल्या.

देवराष्ट्रेतलं ते जन्मघर आज स्मारक म्हणून जपलेलं आहे. देशाच्या उपपंतप्रधानाचा जन्म एवढ्या साध्या घरात झाला, हे कागदावर वाचणं वेगळं आणि तिथे जाऊन बघणं वेगळं.

कराड : लिंबावरचा झेंडा

देवराष्ट्रेहून कराड तासाभराच्या अंतरावर. यशवंतरावांची शाळा इथली, टिळक हायस्कूल.

शाळेतला एक किस्सा प्रसिद्ध आहे. मास्तरांनी वर्गातल्या मुलांना विचारलं की मोठेपणी तुम्ही कोण होणार. मुलांनी मोठमोठ्या माणसांची नावं घेतली. यशवंतरावांनी मात्र आपण यशवंतराव चव्हाणच होणार असं लिहून दिलं. मास्तरांना तो आगाऊपणा वाटला. पोराला मात्र आपण काय लिहितोय हे नीट माहीत होतं.

२६ जानेवारी १९३२. कायदेभंगाचे दिवस. कराडमध्ये नगरपालिकेच्या आवारातल्या लिंबाच्या झाडावर तिरंगा चढवला गेला. पोलिसांनी यशवंतरावांना पकडलं. वय अठरा, शिक्षा अठरा महिन्यांची.

तेव्हाची विठाईंची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. मुलाला भेटायला त्या शिक्षकांबरोबर गेल्या. माफी मागितली तर सुटका होऊ शकते, असं शिक्षकांनी भीतभीत सुचवलं. विठाईंना ते अजिबात पटलं नाही. माफी मागायचं काही कारण नाही, तब्येतीला जप, असं पोराला सांगून त्या माघारी फिरल्या. नवरा नाही, हाताशी पैसा नाही, धाकटा मुलगा तुरुंगात चाललेला, तरी त्या वाकल्या नाहीत.

येरवड्याचा तुरुंग हे यशवंतरावांचं पहिलं विद्यापीठ ठरलं. तिथे आचार्य भागवतांसारखी माणसं भेटली. गांधीवाद, समाजवाद, मार्क्सवाद, रॉयवाद यांवर वाद झडायचे. पुस्तकांचं वेड तिथे लागलं ते शेवटपर्यंत सुटलं नाही. बाहेर आल्यावर कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजमधून १९३८ साली बीए झाले. पुण्यातून १९४१ साली वकिलीची परीक्षा पास केली आणि कराडला येऊन वकिली सुरू केली.

आता घरच्यांना वाटलं, पोरगं मार्गी लागलं. लग्नाची बोलणी सुरू झाली. स्थळ होतं फलटणच्या मोऱ्यांचं.

फलटणचे जावई

फलटण म्हणजे नाईक निंबाळकरांचं संस्थान. छत्रपती संभाजी महाराजांच्या आई सईबाई या निंबाळकरांच्याच लेक. त्यामुळे फलटणचे जावई म्हटलं की फलटणकरांना आधी शिवाजी महाराज आठवतात. १९४२ साली या गावाला आणखी एक जावई मिळाला, ज्याचं नाव पुढे अख्ख्या देशाला कळणार होतं.

२ जून १९४२ ला कराडमध्ये यशवंतराव आणि वेणूताई यांचं लग्न झालं.

त्यानंतर जेमतेम दोन महिने गेले. ८ ऑगस्टला मुंबईच्या गोवालिया टँक मैदानावर चले जावचा ठराव झाला. यशवंतराव त्या अधिवेशनाला हजर होते. दुसऱ्या दिवशी गांधीजींसह सगळे मोठे नेते पकडले गेले. यशवंतराव कसेबसे सातारा जिल्ह्यात परतले आणि भूमिगत झाले.

नव्या नवरीने नवरा नीट बघितलाही नसेल, तोवर तो घरातून गायब झाला.

वडूज : मोर्चे आणि गोळ्या

आता कराडहून शामगावचा घाट चढायचा, पुसेसावळीवरून वडूजला यायचं. खटाव तालुक्याचं हे गाव येरळेच्या काठी आहे. पावसाचा कायम तुटवडा असलेला हा मुलूख. वडूजमधून जाताना हुतात्मा स्मारकापाशी गाडी थांबवायलाच हवी.

१९४२ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सातारा जिल्ह्यात ठरवून मोर्चे निघाले. कल्पना अशी की हजारो माणसांनी मामलेदार कचेरीवर चालून जायचं, तिथे तिरंगा लावायचा आणि इंग्रजांची सत्ता आम्ही मानत नाही हे दाखवून द्यायचं. कराडला, तासगावला मोर्चे शांततेत पार पडले. भूमिगत राहून हे सगळं जुळवणाऱ्यांमध्ये यशवंतराव पुढे होते.

९ सप्टेंबरला वडूजच्या मोर्चावर पोलिसांनी गोळीबार केला. हातात झेंडा घेतलेले परशुराम घार्गे आणि त्यांच्यासोबतचे कार्यकर्ते पडले. एकूण नऊ जण गेले. दुसऱ्या दिवशी इस्लामपूरच्या मोर्चावरही गोळ्या चालल्या आणि दोघांचा जीव गेला.

यानंतर सातारच्या चळवळीने रूप बदललं. उघडे मोर्चे थांबले, तारा तोडणं, रेल्वे अडवणं सुरू झालं आणि पुढे नाना पाटलांचं प्रतिसरकार उभं राहिलं. यशवंतराव या गावातून त्या गावात, या मळ्यातून त्या मळ्यात फिरत होते. इंग्रज सरकार त्यांच्या मागावर होतं. ते सापडेनात, म्हणून सरकारने घरच्यांवर हात टाकला.

१४ जानेवारी १९४३. लग्नानंतरची पहिली संक्रांत. नव्या सुनेच्या कौतुकाचा, हलव्याच्या दागिन्यांचा सण. त्या दिवशी पोलिसांनी वेणूताईंना अटक केली. गणपतरावांनाही तुरुंगात टाकलं. याच काळात थोरले भाऊ ज्ञानोबा वारले. ज्यांच्या पगारावर घर उभं होतं तेच गेले आणि भूमिगत असलेल्या धाकट्या भावाला नीट रडताही आलं नाही.

वेणूताई सुटून आल्या त्या खंगूनच. तुरुंगवास, दिरांचा मृत्यू, नवऱ्याचा पत्ता नाही. त्यांची तब्येत ढासळत गेली आणि त्यांना माहेरी फलटणला नेण्यात आलं.

फलटण, पहिली किंमत : १९४३

वडूजहून दहिवडी आणि तिथून मोगराळ्याचा घाट उतरला की फलटण. माणदेशाचा उघडा माळ मागे पडतो आणि कालव्याच्या पाण्यावरची हिरवी शेती सुरू होते.

वेणूताई आजारी आहेत आणि आजार साधा नाही, ही बातमी यशवंतरावांपर्यंत पोचली. आता काय करायचं? भूमिगत कार्यकर्त्याने घरी जायचं नाही, हा साधा नियम. पोलीस पाळत ठेवतात ते अशाच घरांवर. फलटणला जाणं म्हणजे पकडलं जाणं, हे त्यांनाही कळत होतं.

तरी ते गेले.

वेणूताईंची भेट झाली. आणि फलटणमध्येच पोलिसांनी त्यांना पकडलं.

नंतरच्या राजकारणात यशवंतरावांची ओळख झाली ती दहा वेळा विचार करून एक पाऊल टाकणारा माणूस म्हणून. कुंपणावर बसणारा, असंही विरोधक म्हणत राहिले. पण १९४३ साली फलटणमध्ये त्यांनी हिशेब केला नाही. वेणूताईंनी त्यांच्यामुळे तुरुंग भोगला होता आणि त्या अंथरुणाला खिळल्या असताना त्यांना लांब राहणं जमलं नाही. त्याची किंमत तुरुंगवासाने चुकवली.

वेणूताई त्या आजारातून उठल्या. पण तब्येत पुन्हा पहिल्यासारखी झाली नाही. या जोडप्याला मूलबाळ झालं नाही. घरात दोघंच राहिले, आणि भोवती कार्यकर्त्यांचा कायमचा गोतावळा.

फलटण, दुसरी किंमत : १९५५

१९४६ च्या निवडणुकीत यशवंतराव मुंबई प्रांताच्या विधिमंडळात गेले. तेव्हा मोरारजी देसाई गृहमंत्री होते आणि यशवंतराव त्यांच्या हाताखाली पार्लमेंटरी सेक्रेटरी झाले. १९५२ ला कराडमधून निवडून आले आणि मुख्यमंत्री मोरारजींच्या मंत्रिमंडळात मंत्री झाले. फलटणचे राजे मालोजीराव नाईक निंबाळकर यांनी संस्थान विलीन करून काँग्रेसचं राजकारण पत्करलं होतं, तेही याच मंत्रिमंडळात होते.

आणि मग आला तो प्रश्न ज्याने महाराष्ट्र ढवळून निघाला. मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र.

ऑक्टोबर १९५५ मध्ये राज्य पुनर्रचना आयोगाचा अहवाल आला. तेलुगू भाषकांना राज्य, कन्नड भाषकांना राज्य, पण मराठी आणि गुजराती भाषकांनी एकत्र द्विभाषिकात राहावं आणि विदर्भ वेगळा असावा, अशी शिफारस. मराठी माणूस पेटला. नंतर मुंबई वेगळी ठेवायची चर्चा सुरू झाली तेव्हा तर रस्त्यावर उतरला. २१ नोव्हेंबर १९५५ ला मुंबईत फ्लोरा फाउंटनला मोर्चावर गोळीबार झाला, माणसं मेली. या आंदोलनात पुढे एकूण १०६ जणांचे प्राण गेले.

महाराष्ट्रातले काँग्रेसवाले पेचात सापडले. एकीकडे आपली माणसं, दुसरीकडे दिल्लीतलं आपलं नेतृत्व. बहुतेकांनी मोघम बोलून वेळ मारून नेली.

फ्लोरा फाउंटनच्या गोळीबाराला जेमतेम दहा दिवस झाले होते. डिसेंबर १९५५ च्या सुरुवातीला फलटणमध्ये सातारा जिल्ह्यातल्या काँग्रेस कार्यकर्त्यांची बैठक झाली. मालोजीराजे यशवंतरावांच्या सोबत होते. या बैठकीत यशवंतरावांनी मोघम बोलायचं टाळलं. संयुक्त महाराष्ट्र आणि पंडित नेहरू यांच्यात निवड करायची वेळ आली तर आपण नेहरूंना निवडू, असा त्यांच्या बोलण्याचा अर्थ होता. चळवळीचं नेतृत्व करणाऱ्या शंकरराव देवांपासूनही त्यांनी स्वतःला बाजूला केलं.

झालं. महाराष्ट्रात आगडोंब उसळला.

आचार्य अत्र्यांच्या लेखणीने त्यांना सूर्याजी पिसाळाच्या रांगेत नेऊन बसवलं. रायगड मोगलांच्या हाती देणारा फितूर म्हणून पिसाळाचं नाव लोकांच्या तोंडी आहे. मराठी माणसासाठी याहून जहरी शिवी नाही. ज्या जिल्ह्याने यशवंतरावांना घडवलं, त्याच जिल्ह्यात लोक त्यांच्याकडे पाठ फिरवू लागले.

यशवंतरावांनी असं का केलं, यावर आजही वाद होतात. त्यांची बाजू अशी मांडली जाते : राज्य देणार दिल्ली, दिल्लीत निर्णय घेणार काँग्रेस आणि काँग्रेसमध्ये शेवटचा शब्द नेहरूंचा. त्यांच्याशी उभा दावा मांडला तर मुंबई आणखी लांब जाईल. म्हणून आत राहून पटवायचं. विरोधकांची बाजू अशी की रस्त्यावर माणसं मरत असताना नेत्याची तळी उचलणं ही निष्ठा नसून संधिसाधूपणा होता, आणि त्याचं बक्षीस त्यांना वर्षभरात मिळालं.

बक्षीस म्हणजे मुख्यमंत्रिपद. १ नोव्हेंबर १९५६ ला विशाल द्विभाषिक मुंबई राज्य झालं. नेतेपदासाठी भाऊसाहेब हिरे यांना मागे टाकून यशवंतराव मुख्यमंत्री झाले. वय ४३.

कोण बरोबर होतं?

त्यापुढची चार वर्षं बघितली तर दोन्ही बाजूंना थोडं थोडं खरं म्हणावं लागतं.

१९५७ च्या निवडणुकीत संयुक्त महाराष्ट्र समितीने पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसचा धुव्वा उडवला. खुद्द मुख्यमंत्री कराडमधून थोडक्या मतांनी वाचले. त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला नेहरू प्रतापगडावर शिवाजी महाराजांच्या पुतळ्याच्या अनावरणासाठी आले. वाईपासून पसरणी घाटापर्यंत समितीचे हजारो कार्यकर्ते काळी निशाणं घेऊन उभे होते. मराठी माणसाला काय हवंय, हे नेहरूंना त्या रस्त्यावर डोळ्यांनी दिसलं. समितीचा रेटा नसता तर दिल्ली हलली नसती, हे उघड आहे.

पण निदर्शनं दिसली म्हणून राज्य मिळतंच असं नाही. द्विभाषिक चालणार नाही, हे पक्षाच्या आत, नेहरूंच्या गळी उतरवायला त्यांचा विश्वास असलेला माणूस लागत होता. तो विश्वास यशवंतरावांनी फलटणमध्ये स्वतःची बदनामी पत्करून मिळवलेला होता. इंदिरा गांधी काँग्रेसच्या अध्यक्ष असताना हा विषय पुन्हा उघडला गेला आणि १९५९ च्या अखेरीपर्यंत विभाजनाचा निर्णय पक्का झाला.

१ मे १९६० ला मुंबईसह महाराष्ट्र राज्य जन्माला आलं. नेहरू समारंभाला हजर होते आणि मुख्यमंत्री होते यशवंतराव. ज्यांना पिसाळ म्हटलं होतं, त्यांच्याच हाती मंगल कलश आला.

त्यांनी सूड उगवला नाही. आपल्यावर तुटून पडणाऱ्या विरोधकांशी बोलणं चालू ठेवलं. शेतजमिनीच्या कमाल धारणेचा कायदा, गरीब घरच्या मुलांना फी माफी, नवबौद्धांना सवलती, सहकारी साखर कारखान्यांना बळ, १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा, कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ. साहित्य संस्कृती मंडळ काढून तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींना अध्यक्ष केलं. आजचा महाराष्ट्र ज्या चौकटीत चालतो, तिचा मोठा भाग या अडीच वर्षांत उभा राहिला.

दिल्ली : घरापासून लांब

ऑक्टोबर १९६२ मध्ये चीनने हल्ला केला. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांना पद सोडावं लागलं आणि नेहरूंनी यशवंतरावांना बोलावून घेतलं. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, असं तेव्हा महाराष्ट्र अभिमानाने म्हणाला. पुढच्या वर्षी नाशिकमधून ते लोकसभेवर बिनविरोध गेले.

पराभवाने खचलेल्या सैन्याला उभं करण्याचं काम त्यांच्या वाट्याला आलं. १ सप्टेंबर १९६५ ला पाकिस्तानी रणगाडे छांबमध्ये घुसले, तेव्हा हवाई दल वापरायची परवानगी यशवंतरावांनी काही मिनिटांत दिली. त्यांना निर्णय घेता येत नाही असं म्हणणाऱ्यांनी ही तारीख लक्षात ठेवावी.

१९६६ ला गृहमंत्री, १९७० ला अर्थमंत्री, १९७४ ला परराष्ट्रमंत्री. १, रेसकोर्स रोड हा दिल्लीतला पत्ता. परदेश दौऱ्यांवर असताना वेणूताईंना पत्र लिहायची सवय त्यांनी कायम ठेवली. ती पत्रं पुढे 'विदेश दर्शन' नावाने पुस्तक होऊन आली.

मात्र दिल्लीत त्यांची पावलं अडखळलीही. १९६९ च्या राष्ट्रपतीपदाच्या वादात पक्षाच्या बैठकीत त्यांनी नीलम संजीव रेड्डी यांच्या बाजूने मत दिलं, म्हणजे इंदिरा गांधींच्या मनाविरुद्ध. पण पक्ष फुटला तेव्हा राहिले इंदिराजींबरोबर. आणीबाणीत ते मंत्रिमंडळातच होते. १९७७ च्या पराभवानंतर विरोधी पक्षनेते झाले. १९७८ ला काँग्रेस पुन्हा फुटली तेव्हा इंदिराजींच्या विरुद्ध बाजूला गेले. जुलै १९७९ मध्ये त्यांनी पंतप्रधान मोरारजींच्या सरकारवर अविश्वास ठराव मांडला. १९४६ साली ज्यांच्या हाताखाली सुरुवात केली होती, तेच मोरारजी. सरकार पडलं आणि चरणसिंगांच्या सरकारात यशवंतराव उपपंतप्रधान झाले. ते सरकार लोकसभेला सामोरं न जाताच पायउतार झालं.

१९८० च्या इंदिरा लाटेतही सातारकरांनी त्यांना लोकसभेवर पाठवलं. पण आता सत्ता नव्हती, पक्षात वजन नव्हतं. १९८१ साली ते इंदिरा काँग्रेसमध्ये परतले. परतायलाही त्यांना बरीच वाट बघावी लागली. ज्याने एका नेत्यावरच्या निष्ठेसाठी आख्ख्या राज्याचा राग ओढवून घेतला, त्याला त्याच नेत्याच्या मुलीच्या दारात ताटकळावं लागलं. त्यानंतर आठव्या वित्त आयोगाचं अध्यक्षपद मिळालं. कामाचं पद होतं, पण सत्तेच्या वर्तुळाबाहेरचं.

विरंगुळा

फलटणहून साताऱ्याला यायचं, वाटलं तर कंदी पेढे घ्यायचे आणि महामार्गाने कराडला परत यायचं. आता 'विरंगुळा' वेगळा दिसतो.

मराठीत विरंगुळा म्हणजे कामातून काढलेले चार निवांत क्षण. ज्या माणसाला वडिलांच्या मृत्यूनंतर बालपण नीट मिळालं नाही, लग्नानंतर संसार मिळाला नाही आणि चाळीस वर्षं सत्तेच्या धकाधकीतून उसंत मिळाली नाही, त्याच्या घराला हे नाव आहे. कृष्णेच्या गावात, पुस्तकांच्या सोबतीने वेणूताईंबरोबर राहण्याचं हे घर.

तसं घडलं नाही. १ जून १९८३ ला वेणूताई गेल्या. लग्नाचा ४१ वा वाढदिवस दुसऱ्या दिवशी होता.

यशवंतराव आतून मोडले. त्यांना जवळून पाहणाऱ्यांनी लिहून ठेवलंय की त्यानंतर त्यांचं कशातच मन लागेना. त्यांनी वेणूताईंच्या नावाने कराडमध्ये सार्वजनिक विश्वस्त संस्था काढली. आयुष्यभर जमवलेली पुस्तकं, कागदपत्रं अशी ठेव वेणूताई चव्हाण स्मारकात आली. विरंगुळा बघायला जाणाऱ्याने हे स्मारक चुकवू नये. मूलबाळ नसलेल्या या जोडप्याचा सगळा वारसा कराडच्या लोकांना मिळाला.

एक काम मात्र त्यांनी हाती घेतलं होतं, आत्मचरित्राचं. तीन भाग ठरले होते. पहिला कृष्णेच्या काठचा, म्हणजे बालपण आणि चळवळीचा. दुसरा समुद्राकाठच्या मुंबईचा. तिसरा यमुनेकाठच्या दिल्लीचा. १९८४ साली पहिला भाग 'कृष्णाकाठ' प्रसिद्ध झाला. तो १९४६ पाशी संपतो.

म्हणजे १९४३ चं फलटण त्यांच्या स्वतःच्या शब्दांत वाचायला मिळतं. आजारी बायकोला बघायला गेलेला तरुण भेटतो. १९५५ चं फलटण मात्र दुसऱ्या भागात येणार होतं. त्या बैठकीत मनात काय चाललं होतं, नंतर पश्चात्ताप झाला का, पुन्हा तशी वेळ आली असती तर तेच केलं असतं का, याचं सविस्तर उत्तर त्या पानांवर आलं असतं.

ती पानं लिहून झाली नाहीत. ३१ ऑक्टोबर १९८४ ला इंदिरा गांधींची हत्या झाली आणि महिना उलटायच्या आत, २५ नोव्हेंबरला, यशवंतरावांचं दिल्लीत निधन झालं. वेणूताईंना जाऊन दीड वर्ष झालं होतं.

विश्रांतीसाठी ते कराडला आले ते थेट प्रीतिसंगमावर. विरंगुळ्यापासून समाधीपर्यंतचं अंतर एका फेरफटक्याचं आहे. घाटावर संध्याकाळी गावातली माणसं बसलेली असतात, पोरं खेळत असतात. समोरून कोयना येते, बाजूने कृष्णा, आणि दोघी मिळून पुढे सांगलीकडे जातात. वाटेत, उजाडल्यावर नाही तर मावळताना, ज्यांना वेळ असेल त्यांनी थोडं थांबावं. इथे आलेल्या प्रत्येक नेत्याला यशवंतरावांचं नाव हवं असतं. फलटणमध्ये त्यांनी दोनदा मोजलेली किंमत मोजायची तयारी किती जणांची आहे, हे ज्याने त्याने परतीच्या रस्त्यावर स्वतःला विचारायचं.